प्लॅन एआयचा, स्लॅब खचला तर जबाबदार कोण?

घराचा प्लॅन, सळईचा हिशोब, सिमेंटच्या गोण्या... एआय ॲप सगळं दोन मिनिटांत सांगतं. पण त्याला जागेवरची माती दिसत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया चुकला की भिंतीला तडे जातातच.

मग धरायचं कुणाला? यंत्रावर गुन्हा दाखल होत नाही. प्लॅनवर सही करणारा इंजिनिअर आणि काम करणारा ठेकेदार, यांनाच उत्तर द्यावं लागतं. "ॲपनं सांगितलं होतं" म्हणून सुटका नाही. हलगर्जीपणामुळे जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

रेरा कायदा बिल्डरच्या प्रकल्पांना लागतो. आपल्या जागेवर ठेक्यानं बांधलेल्या घराला नाही. मात्र ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे. त्यामुळे ग्राहक आयोगाकडं २ वर्षांच्या आत तक्रार करता येते.

तिथं पुरावा लागतो. म्हणून ठेका लेखी करा, पावत्या जपा, प्लॅनवर इंजिनिअरची सही घ्या. मोबाईलवरचा प्लॅन घरमालकानंच मिस्त्रीच्या हातात दिला असेल, तर बोट त्याच्याकडंही वळतं.