इंजिनाचे तास मोजा, पण तब्येतही पाहा

सेस्ना १७२ हे चार आसनी विमान विकायला निघाले की किमतीखालोखाल एकाच आकड्याची चौकशी होते: ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने जुळवल्यानंतर, इंजिन किती तास चालले? लायकमिंगच्या ओ-३२० आणि ओ-३६० या चार सिलिंडरच्या इंजिनांना कंपनीने साधारण २,००० तास किंवा १२ वर्षे, जे आधी भरेल ते, झाल्यावर ओव्हरहॉल करण्याची शिफारस केली आहे. त्यामुळे १,९०० तासांच्या इंजिनाला गिऱ्हाईक नाक मुरडते आणि ४०० तासांच्या इंजिनावर उडी घेते. पुष्कळदा तिथेच फसगत होते.

या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन आठवडेच्या आठवडे बंद राहिले की त्याच्यावरचे तेल निथळून जाते आणि उघड्या पोलादाला गंज धरतो. मग कधीतरी इंजिन सुरू केले की कॅम आणि टॅपेटचे टवके उडू लागतात. जुहूसारख्या समुद्रकाठच्या धावपट्टीवर पावसाळाभर झाकून ठेवलेल्या विमानाचे कमी तास म्हणूनच दिलासा देणारे नसतात. बारामती किंवा गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेत रोज उडणाऱ्या इंजिनाची प्रकृती त्याहून ठणठणीत असू शकते. खुद्द लायकमिंगही सुरुवातीपासून सातत्याने महिन्याला ४० तास चालणाऱ्या इंजिनांना बहुतेक २०० तास वाढवून देते.

मुद्दा असा की ओव्हरहॉलचा निर्णय आकड्याने नव्हे, तपासणीने व्हावा. त्यासाठी लागणारी साधने फार महागडी नाहीत. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा सोडायची आणि किती टिकते ते पाहायचे. ७२ टिकली तर उत्तम. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कान लावायचा. हवा एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंग. (हे करताना पंखा कुणीतरी घट्ट धरायला हवा, तेवढ्या दाबाने तो फिरून हात मोडू शकतो.) मग बोअरस्कोप, म्हणजे नळीसारखा बारीक कॅमेरा, आत घालून व्हॉल्व्हचा चेहरा पाहायचा: डाग एकसारखा गोल असेल तर ठीक, एका कडेला सरकला असेल तर व्हॉल्व्ह जळू लागला आहे. शेवटी तेलाचा फिल्टर कापून, कागदाच्या घड्या उलगडून त्यातल्या कणांवर चुंबक फिरवायचे. चिकटले ते पोलाद.

उघडून पाहिले म्हणजे सुरक्षित झाले, ही समजूतही तपासायला हवी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांच्या चमूने ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडच्या विमानांच्या नोंदी चाळल्या. ५० तासांच्या ठरावीक तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवे होते. ते लगेच वाढलेले दिसले आणि पुढच्या तासांत ओसरत गेले. चांगल्या जुळलेल्या भागांना हात लावणे हेच काही वेळा बिघाडाचे कारण होते. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनीही अहवालात मांडले की बहुसंख्य भागांना वयाची मर्यादा घालून फायदा होत नाही. निरोगी माणसाचे वय झाले म्हणून कुणी पोट उघडून पाहत नाही. इंजिनाबाबत मात्र आपण तेच शहाणपण समजतो.

तासांच्या मर्यादेचा आग्रह धरणाऱ्यांचा एक आक्षेप खरा आहे. क्रँकशाफ्टमधली भेग बोअरस्कोपला दिसत नाही. पण २००२ मध्ये लायकमिंगला काही सहा सिलिंडरच्या इंजिनांचे क्रँकशाफ्ट बदलून द्यावे लागले, तेव्हा ते शाफ्ट जुने नव्हते. तासांची मर्यादा तिथेही उपयोगी पडली नसती. पंखा जमिनीला घासला, तर मात्र तास कितीही असोत, इंजिन उघडलेच पाहिजे. तिथे चालढकल नको.

अमेरिकेत खासगी मालकावर २,००० तासांचे बंधन नाही, आणि म्हणून तिथे जबाबदारीही मालकाची. भारतात तपासणीवर भर देताना आधी नोंदींची शिस्त हवी: दर वेळी बोअरस्कोपचे फोटो, फिल्टरमधल्या कणांचे वर्णन, प्रत्येक सिलिंडरचा दाब, तेलाचा खप, सगळे लॉगबुकला जोडून. आणि ओव्हरहॉल झालेले इंजिन घेणाऱ्याने तासांआधी एवढे विचारावे की ते नव्या भागांच्या मापाने जुळवले होते की ‘अजून चालेल’ एवढ्याच मापाने. कागदावर दोन्हीला ओव्हरहॉलच म्हणतात.