माती ओली, कपाशी तहानलेली

पिकाला पाणी हवे की नको, हे वऱ्हाडातला शेतकरी पानाकडे पाहून सांगतो. आता हे काम सेन्सर, ड्रोन आणि रोबो यांच्याकडे सोपवण्याची तयारी सुरू आहे. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ‘महाॲग्री-एआय’ धोरणात या साधनांना स्थान आहे. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूदही आहे. पण दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांतल्या शेतांत ही यंत्रे नेमके काय मोजणार?

हा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. इथल्या काळ्या चिकण मातीत सोडियम जास्त आणि भूजल खारट. जमिनीत क्षार वाढले, की ओल असूनही मुळांना पाणी ओढणे जड जाते. त्यात स्वस्त सेन्सर मातीचे विद्युत गुणधर्म मोजून ओलाव्याचा अंदाज बांधतात. क्षारांमुळे तो प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. जमीन भेगाळली, की सेन्सर आणि माती यांच्यात पोकळी राहते आणि आकडा पुन्हा चुकतो. मोबाइलवर ‘ओल पुरेशी’ असा संदेश आणि शेतात कपाशी तहानलेली, असा प्रकार होऊ शकतो.

म्हणून इथे मातीइतकेच झाडालाही विचारायला हवे. पाणी कमी पडले, की पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटतात, बाष्प बाहेर पडणे घटते आणि पान तापते. पान कोमेजण्याआधीच उष्णता टिपणारा कॅमेरा हा फरक दाखवतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत अशा मोजमापाचे केंद्र २०१७ पासून आहे. मात्र तिथल्या कुंडीतल्या रोपाला खारपाणपट्ट्याची जमीन कळत नाही. उघड्या शेतात वारा आणि ढग यांनीही पानाचे तापमान बदलते. त्यामुळे शेजारी भरपूर पाणी दिलेला पट्टा ठेवून तुलना करावी लागते. पावसाळ्यात काळ्या चिखलात रोबोची चाके रुततात, ती अडचण वेगळीच.

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ याच भागात आहे. यंत्रांची पारख इथल्या शेतांत, इथल्या खाऱ्या पाण्यावर झाली, तर क्षार सोसणारे वाण लवकर ओळखता येतील. तोवर सेन्सर घेणाऱ्याने विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा : हा खारपाणपट्ट्यात तपासला आहे का?