सर्दीला अँटिबायोटिक आणि पावसाळी तापाला काढा, हे उलटं चाललंय

पावसाळ्यात परळच्या कुठल्याही दवाखान्यात बसून बघा. दोन प्रकारचे पेशंट हमखास येतात. एकाला परवापासून सर्दी आहे, नाक गळतंय, घसा खवखवतोय. त्याने नाक्यावरच्या मेडिकलमधून 'काहीतरी स्ट्राँग' म्हणून ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घेतल्यात, दोन संपल्यात, आणि "डॉक्टर, गुण नाही, आता इंजेक्शनच मारा" म्हणतोय. दुसरा आठ-दहा दिवसांपूर्वी हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून चालत घरी गेला होता. चार दिवस ताप आहे, पोटऱ्या इतक्या दुखतायत की जिना उतरवत नाही, डोळे लाल आहेत. आणि घरात काय चाललंय? तुळस, आलं, मिरी, गवती चहा. दिवसातून तीनदा.

पहिल्याला काढा पुरला असता. दुसऱ्याला अँटिबायोटिक हवं होतं, तेही लवकर. आपण बरोब्बर उलटं करतो, आणि सुशिक्षित घरांतही करतो, म्हणून आज जरा चिडून लिहितोय.

माझं भांडण काढ्याशी नाही, हे आधीच सांगतो. आमच्यातले काही डॉक्टर आजीच्या बटव्याचं नाव काढलं की हसतात, तेही मला पटत नाही. माझं भांडण दोन वाक्यांशी आहे. 'अँटिबायोटिक घेतलं की लवकर बरं वाटतं' हे एक, आणि 'नैसर्गिक आहे, त्याने काय होणार' हे दुसरं. दोन्ही चूक आहेत.

सर्दी दोनशेहून जास्त प्रकारच्या विषाणूंमुळे होऊ शकते. अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करतं, विषाणूंवर नाही. त्यामुळे सर्दीत घेतलेली ॲझिथ्रो सर्दीचं काहीच बिघडवत नाही. ती बिघडवते तुमच्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं, आणि उरलेल्यांना त्या औषधाला दाद न द्यायला शिकवते. २०१९ सालच्या आपल्या देशातल्या खाजगी औषधविक्रीचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वात जास्त खपलेलं अँटिबायोटिक कोणतं निघालं असेल? ॲझिथ्रोमायसिन ५०० ची गोळी. या पत्त्यावर लाल रेघ असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती मिळता कामा नये. मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

मग 'मला तर तिने बरं वाटतं' याचं काय? सर्दी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरायला लागतेच. तुम्ही गोळी दुसऱ्या दिवशी सुरू करता. श्रेय गोळीला जातं. हाच हिशोब काढ्यालाही लागू आहे, हे मात्र काढाप्रेमी मंडळी विसरतात. आपोआप बरा होणारा आजार कुठल्याही उपायाला यश देतो.

यातला खरा गुण ओळखायचा कसा, हे आपल्या परळकरांना तरी सांगायला लागू नये. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी इथे लस तयार केली, जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. टोचलेले कैदी आणि न टोचलेले कैदी, एकाच तुरुंगातले, एकच अन्न खाणारे, यांची तुलना केली. 'अमक्याला गुण आला' यावर ते थांबले नाहीत. त्यांची प्रयोगशाळा पुढे १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. त्या फाटकावरून आपण रोज बसने जातो आणि घरी येऊन व्हॉट्सॲपवर 'शंभर टक्के खात्रीशीर' वाचतो.

तुलनेच्या कसोटीवर उतरलेले घरगुती उपाय आहेत. मध घ्या. खोकल्यावर रात्री झोपताना एक चमचा मध दिला तर मुलांचा खोकला काही प्रमाणात कमी होतो, झोप बरी लागते, हे अभ्यासांत दिसलं आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१८ मध्ये साध्या खोकल्यासाठी अँटिबायोटिकच्या आधी मध वापरून बघा, असंच डॉक्टरांना आणि लोकांना सांगितलं. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. बोटाला लावूनही नाही, सोन्याच्या अंगठीने तर नाहीच. मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असतात. मोठ्यांचं आतडं ते पचवतं, तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात आणि त्यांच्या विषामुळे बाळाचे स्नायू लुळे पडतात. घरातल्या आजींना हे सांगताना सुनेवर ढकलू नका. माझं नाव सांगा.

कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा, घशाला आराम पडतो. हळद-दूध गरम असतं, घसा शेकला जातो, आई शेजारी बसते. प्या. फक्त त्यातली हळद संसर्ग 'मारते' असं समजू नका. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं.

वाफेबद्दल मात्र मी हट्टी आहे. वाफेने थोडा वेळ नाक मोकळं वाटतं, आजार कमी होत नाही. आणि चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जमिनीवर उकळत्या पाण्याचं पातेलं, त्यावर चादर, आजूबाजूला खेळणारी मुलं! भाजलेली मांडी बरी व्हायला सर्दीपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात. लहान मुलांना वाफ देऊच नका. नाकात सलाईनचे थेंब टाका.

आणि धीर धरा. सर्दी गेल्यावरही खोकला दोन-अडीच आठवडे रेंगाळू शकतो. तो औषध बदलून बदलून लवकर जात नाही.

घरगुती उपायांचा खरा राजा काढा नव्हेच. तो आहे मीठ-साखर-पाणी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून ड्रमने ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. कॉलऱ्याने दगावणाऱ्यांचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यात यंत्र नव्हतं की महाग औषध नव्हतं. साखरेबरोबर मीठ आतड्यातून आत शोषलं जातं आणि त्यामागून पाणी, एवढाच तो हिशोब.

आता आपल्याकडे बघा. जुलाब लागले की पहिली मागणी 'पोट बांधणारी' गोळी, दुसरी मागणी सलाईन, 'ताकद येईल' म्हणून. ओआरएसचा नंबर शेवटी, कारण ते स्वस्त आहे. अहो, साधे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात आणि दोन-तीन दिवसांत थांबतात. माणूस दगावतो तो पाणी कमी झाल्याने. पाकीट आणा आणि ते एक लिटरचं आहे की ग्लासभर पाण्याचं, हे वाचून कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून अंदाजपंचे नको. पेज, ताक, मऊ भात चालू ठेवा, तान्ह्याचं अंगावरचं दूध बंद करू नका. मुलांना झिंक डॉक्टरांना विचारून द्या. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत. त्यांच्या वेष्टनावरचा 'ओआरएस' हा शब्दच काढायला लावावा लागला, तो आदेश २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये निघाला. शौचात रक्त, लघवी होत नाही, मूल सुस्त पडलंय, डोळे खोल गेलेत, तर घरी थांबू नका.

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो. 'नैसर्गिक आहे, त्याने काय होणार.'

कोविडच्या पहिल्या वर्षात गुळवेल घरोघरी गेली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा पेशंट आले. यकृताला इजा झालेली, आणि सगळ्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेली. त्यांनी ते २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष दिशाभूल करणारा म्हटला, वनस्पती नीट ओळखलेली नाही असा आक्षेप घेतला. पुढे देशातल्या १३ केंद्रांमधून अशाच ४३ पेशंटची नोंद प्रसिद्ध झाली. गुळवेल घेणाऱ्या बहुसंख्यांना काही झालं नाही, हे खरं आहे. पण ज्या वस्तूने शरीरावर परिणाम होतो, तिने दुष्परिणामही होऊ शकतो. 'औषधी आहे' आणि 'काहीच अपाय नाही' ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येत नाहीत. आक्षेपातही एक इशारा होताच: रस्त्यावरून आणलेली वेल नेमकी कोणती, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

पण गुळवेलीपेक्षा मला जास्त भीती वाटते ती वाया गेलेल्या दिवसांची. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोने मुंबईला काय दाखवलं, ते त्या वेळी इथे असलेला कुठलाही डॉक्टर सांगेल. लेप्टोचा जंतू हा जिवाणू आहे. म्हणजे इथे अँटिबायोटिक चालतं! साचलेल्या पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घ्या, असं महापालिका जवळजवळ दर पावसाळ्यात सांगते. गरोदर बाया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं, म्हणून विचारून. पायाला जखम असेल तर दुर्लक्ष नकोच. आणि जे लोक सर्दीला न विचारता ॲझिथ्रो घेतात, तेच या वेळी म्हणतात, "उगाच कशाला गरम औषधं?"

डेंग्यूचंही तसंच. पपईच्या पानांच्या रसावर वाद घालायला मला वेळ नाही. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो, रक्तातला द्रव बाहेर झिरपतो तेव्हा. ताप गेला म्हणून घर निर्धास्त होतं, आणि त्याच दिवशी पोटात दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात. रस देत बसू नका, रुग्णालय गाठा. पावसाळी तापात पॅरासिटामॉलशिवाय दुसरी दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाची भीती असते.

घशाबद्दलही एक गोष्ट राहिली. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला ताप, गिळताना खूप दुखणं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेला गाठी, आणि खोकला-सर्दी मात्र नाही, असं असेल तर तो घसा दाखवा. तो स्ट्रेप्टोकोकसचा असू शकतो. त्याला गुळण्यांवर सोडलं तर काही मुलांत पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात.

म्हणजे घरी किती थांबायचं? नाक वाहतंय, थोडा खोकला, अंग कणकण करतंय, खाणंपिणं आणि लघवी ठीक, तर घरी थांबा. मध, गुळण्या, झोप. तीन दिवसांवर ताप, धाप, छातीत दुखणं, लघवी कमी किंवा गडद पिवळी, डोळे पिवळे, माणूस असंबद्ध बोलतोय, तर त्याच दिवशी दाखवा. लघवीला जळजळ आणि सोबत थंडी वाजून ताप असेल तर धण्याच्या पाण्यावर रात्र काढू नका. गरोदरपणात, साठीच्या पुढे, मधुमेहात आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर तीन दिवसांचा नियमही लागू नाही.

आणि येताना घेतलेलं सगळं सांगा. काढा घेतला म्हणून मी ओरडणार नाही, लपवलात तर ओरडेन. काविळीच्या पेशंटच्या उशाशी असलेली चूर्णाची पुडी आम्हाला चार दिवसांनी कळते, आणि तोवर नको त्या तपासण्या होऊन गेलेल्या असतात. बाटली, पुडी, अर्धा पत्ता, शेजारच्या काकूंनी दिलेली गोळी, जे काही असेल ते पिशवीत घालून घेऊन या.