गलांड्याचीही नोंद लावा

हारवाल्याच्या टोपलीतला लाल-पिवळा गलांडा इतका घरचा झालाय, की तो परदेशी आहे हे ध्यानातच येत नाही. अमेरिकेत टेक्सास, ओक्लाहोमाकडच्या माळांवरचे हे रानफूल. ओक्लाहोमाने १९८६ साली त्याला राज्याच्या रानफुलाचा मान दिला. मूळ नाव गॅलार्डिया. गलांडा केला आपण. तिकडे ते बागेत आणि फुलदाणीत, इकडे हारात.

माळाचा गुण मात्र सुटलेला नाही. हलकी, निचऱ्याची जमीन अन् बेताचे पाणी यावर भागते. पाणी साचून राहिले की मुळे कुजतात आणि उभा प्लॉट बसतो.

आता मुद्द्याचे. गलांडा असतो पाच-दहा गुंठे. पीकपाहणीत सगळ्या गटावर सोयाबीन लागते, फुलांना कोणी विचारत नाही. मग अतिवृष्टीच्या पंचनाम्याला 'नोंदच नाही' हे उत्तर मिळते. घरचा बाजारखर्च ज्या फुलांवर चालतो, त्यांना शोभेची झाडं समजणे बरे नव्हे. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याच्याच हातात आहे. फुलांचे क्षेत्र वेगळे भरा, फोटो फुलांच्याच वाफ्यात उभे राहून काढा. तलाठी भाऊसाहेबांनी आणि आमच्या कृषी खात्याच्या मंडळींनीही 'एवढ्याशा फुलांचं काय' म्हणून टाळू नये. मोबाईल न जमणाऱ्या कोणाकडे गलांडा आहे, हे गावात ठाऊक असतेच. गणपतीची तोडणी सुरू झाली की घरात कोणाला सवड नसते आणि खरिपाच्या नोंदीची मुदत निघून जाते. त्याआधीच हे उरकावे.