फायबर पंचायतीत, फेरा तालुक्याला

ऑप्टिकल फायबरची चर्चा आपल्याकडे वेगावर सुरू होते आणि वेगावरच संपते. पर्यावरणाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो मांडला तर फायबरची बाजू भक्कम आहे.

तांब्याच्या तारेतला सिग्नल अंतर वाढले की क्षीण होतो. त्यामुळे ब्रॉडबँडसाठी एक्स्चेंज जवळ लागते, नाहीतर वाटेत विजेवर चालणारी उपकरणे. फायबर हा काचेचा केसासारखा धागा, त्यातून प्रकाश धावतो. एका धाग्यातला प्रकाश अनेक घरांना वाटून देणाऱ्या स्प्लिटरला वीजच लागत नाही. सुमारे २० किलोमीटरपर्यंत मध्ये एकही यंत्र नसले तरी चालते. वीज लागते ती दोन टोकांना.

मोबाइल टॉवर मात्र चोवीस तास वीज खातो, आणि वीज गेली की डिझेल जनरेटर धूर सोडू लागतो. २०१५ पर्यंत ग्रामीण भागातील किमान निम्मे टॉवर अपारंपरिक ऊर्जेच्या जोडीने चालावेत, असे निर्देश दूरसंचार विभागाने जानेवारी २०१२ मध्ये दिले होते. असे निर्देश द्यावे लागले, यावरूनच डिझेल किती जळत होते ते समजावे.

तांबे खाणीतून येते. बालाघाट जिल्ह्यातली मलाजखंडची खाण हे आपल्या शेजारचे उदाहरण. फायबरमुळे ही मागणी घटते. पण निघालेली जुनी तार जाते कुठे? भंगारात. वरचे प्लास्टिक जाळून आतले तांबे काढतात, आणि पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत जातात. हा धूर कोणाच्या छातीत जातो, हे वेगळे सांगायला नको. १९९३ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत बहुसंख्य दलित स्त्रियाच का आहेत, याचे उत्तरही तेच आहे. फायबरला ‘हिरवे’ म्हणणाऱ्यांनी या धुराचाही हिशेब द्यावा.

आता भारतनेट. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेचे लक्ष्य सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित योजनेसाठी १.३९ लाख कोटी रुपये मंजूर केले. पण पंचायतीच्या भिंतीवर डबा बसला म्हणजे गावकुसाबाहेरच्या बौद्धवाडीत इंटरनेट आले असे होत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला किंवा जातीच्या दाखल्यासाठी मुलगा तालुक्याला जातो. जोडणी बंद पडली की फेरे दुप्पट. ते पेट्रोल वाचले तरच फायबरचा फायदा खरा. नुसता पुरलेला, न चालणारा फायबर म्हणजे खोदलेला रस्ता आणि वाया गेलेली केबल.

पुढच्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: पंचायतीतली जोडणी गेल्या सहा महिन्यांत किती दिवस चालू होती, वाडीतल्या शाळा-अंगणवाडीपर्यंत ती कधी येणार, आणि गावातून काढलेली तांब्याची तार कोणाला दिली. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.