फैयाज खाँ आणि १९२ किलोहर्ट्झ

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या निवृत्त मंडळींमध्ये सध्या हाय-रेस गाणं वाजवणाऱ्या खिशातल्या यंत्रांची साथ आहे. कॅनडातला मुलगा पैसे पाठवतो, व्हॉट्सॲपवर कुणीतरी काहीतरी ढकलतं, आणि जन्मभर आकाशवाणीवर समाधानी असलेला गृहस्थ पाण्याच्या टाकीकडे फिरायला निघाला की २४ बिटच्या गोष्टी करू लागतो. दुकानात गेलं की पोरगा डबा नाचवत सांगतो, "काका, आ तो हाय-रेस छे, एकसो बाणुं किलोहर्ट्झ!" काका विरघळतात. पंचवीस हजार मोजतात. आणि त्यात भरतात काय? फैयाज खाँ!

खाँसाहेब आमच्या दरबाराचे गवई, १९५० साली याच शहरात गेले. त्यांचं जे गाणं आपल्यापर्यंत पोचलं, त्यातलं बरंचसं ७८ गतीच्या तबकड्यांवरचं आहे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्या तबकडीत दहा किलोहर्ट्झच्या वर गाणं असं फारसं नसतंच, असते ती सुईची खरखर. साध्या सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झचं माप २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज सांभाळतं. तरुण कानाची धाव वीसपर्यंत आणि साठी उलटलेल्या कानाची बहुधा दहा-बाराच्या आसपास. म्हणजे १९२ च्या नावाखाली काकांनी विकत घेतली ती खरखर, तीही त्यांना ऐकू न येणारी. वर भुर्दंड असा, की सीडीच्या दर्जाचं तासाभराचं गाणं ६३५ एमबीत बसतं, दर्जा न घटवता फ्लॅकमध्ये दाबलं तर साधारण त्याच्या निम्म्यात. तेच २४ बिट-१९२ मध्ये चार जीबीच्या वर जातं. मग कार्ड भरलं म्हणून काका मोठं कार्ड आणायला पुन्हा त्याच दुकानात हजर.

लाज वाटावी ती या गावाची म्हणून. मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा काढली. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी इथेच भरवली, सयाजीरावांच्या आश्रयाने. तिथेही आकडेबहाद्दर होतेच. क्लेमंट्स आणि देवल यांची, गणिताने श्रुती ठरवलेली श्रुती-हार्मोनियम पुढे आली, आणि तिची परीक्षा झाली ती गवयाच्या गळ्यावर. आम्ही त्यांचे वारसदार, आणि आम्ही गाणं पारखतो खोक्यावरच्या सोनेरी चिकटपट्टीवरून.

ज्यावर खरोखर अडतं, ते कुणी विचारत नाही. मैफलीचं ध्वनिमुद्रण तुकड्यांत कापलेलं असतं. विलंबित संपून द्रुत उचलायच्या क्षणी, तबला समेवर येत असताना, यंत्र एक उचकी देतं आणि अर्ध्या मात्रेचा मुडदा पडतो. न अडखळता पुढच्या फायलीत शिरणं कितीतरी यंत्रांना आजही जमत नाही. क्रम लावायची तर आणखी तऱ्हा: १ नंतर १०, मग ११, मग २. द्रुत आधी, विलंबित नंतर, तराणा मध्येच. देवनागरीत नावं लिहिली असतील तर पडद्यावर ओळीने चौकटी उमटतात, नाहीतर वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला बसते. रागाप्रमाणे शोधायची सोय मागितली, तर पोरगा आपल्याकडे कुठल्याशा आडगावाहून आलेल्या पाहुण्यासारखं बघतो.

"फोन आहे ना!" हे दुसरं शहाणपण. आहे की. मारव्याचा कोमल रिषभ लागतोय आणि कर्ज हवंय का म्हणून विचारणारी बाई मध्ये येते. आजचा वॉकमनसुद्धा अँड्रॉइडवर चालतो, त्यामुळे हातात पडतो तो फोनच, फक्त बोलता न येणारा. ॲपवाल्यांचं गाणं तर भाड्याचं. हक्क संपले की एका सकाळी यादीतून नाव गायब. २०१७ साली आलेलं सारेगामाचं कारवां निदान प्रामाणिक होतं. ठळक बटणं, फिरवायची खुंटी, पाच हजार गाणी. माझ्या पिढीच्या बोटांची कुणीतरी कदर केली. पण ती पाच हजार कंपनीने निवडलेली. दुसऱ्याच्या पानातलं जेवण किती दिवस गोड लागणार?

ॲपलने आयपॉड २०२२ मध्ये बंद केला, तेव्हापासून हा बाजार हौशी लोकांच्या आणि त्यांना लुटणाऱ्यांच्या हातात गेला आहे. तरी घ्यायचंच असेल, तर पाच-सात हजारांचं यंत्र पुरे. कार्डाची खाच हवी, हेडफोनचं साडेतीन मिलिमीटरचं भोक हवं, आणि खिशात हात घालून न बघता दाबता येतील अशी बटणं हवीत. उरलेले पैसे चांगल्या हेडफोनवर घाला. गाण्यात फरक पडला तर तिथे पडेल. जाताना आपलं कार्ड बरोबर न्या: तुकडे केलेली एक मैफल, देवनागरी नावं, दहाच्या पुढचे आकडे. दुकानातच उभं राहून विलंबितापासून द्रुतापर्यंत लावायला सांगा. पोरगा जांभया देईल, मागचं गिऱ्हाईक खाकरेल. खुशाल खाकरू दे. दुकानात एक स्टूल असतंच, ते ओढून घ्या.