बीअर कोमट, स्टार्टर गार

शुक्रवारी संध्याकाळी ‘बसायचं का?’ एवढाच मेसेज येतो. कुठे, किती वाजता, कशासाठी, हे कोणी विचारत नाही. मराठीतल्या ‘बसणे’ या क्रियापदाचा हा अर्थ कुठल्या शब्दकोशात असेल-नसेल, पण नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ आहे. आणि प्रत्येक ग्रुपचा बसायचा अड्डाही ठरलेला असतो. घरापासून चालत जाता येईल असा, बाहेर ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ अशी पाटी, आत लॅमिनेटेड मेनूकार्ड, कोपऱ्यात टीव्ही आणि त्यावर कुठलीतरी मॅच. डेटला तिथे कोणी नेत नाही. बर्थडेच्या फोटोतही तो येत नाही. पण वर्षभराचा हिशेब काढा बॉस, सगळ्यात जास्त संध्याकाळी तिथेच गेलेल्या असतात.

अशा ठिकाणाकडून आपल्या अपेक्षा तरी किती? बीअर थंड हवी, जेवण गरम हवं आणि दहा वाजेपर्यंत कोणी उठवायला येऊ नये. बस्स.

आमचा अड्डा कोथरूडातला. नाव सांगत नाही, कारण सांगायची गरजच नाही. तुमच्याही गल्लीत त्याचा जुळा भाऊ असणार. मध्यंतरी तो दीड महिना बंद होता. उघडला तेव्हा आत जांभळे लाइट, भिंतीवर प्लास्टिकची हिरवळ आणि मेनूकार्डाच्या जागी टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड. आम्ही म्हटलं, सही! मग ऑर्डर दिली.

बीअर आली ती कोमट. वेटरला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘बर्फ टाकून देऊ का सर?’’ टेबलावर दोन सेकंद शांतता. बीअर गरम झाली की तिच्यातला गॅस पटकन उडतो, फेस भसाभसा येतो आणि शेवटी उरतं ते कडू पाणी. त्यात बर्फ टाकला की पातळ कडू पाणी. बँकेतल्या मैत्रिणीने मोहितो मागवला होता. मोहितो म्हणजे व्हाइट रम, पुदिना, लिंबू, साखर आणि सोडा. यात चुकण्यासारखं काय आहे? तिच्या ग्लासात आलं ते भांडी घासायच्या लिक्विडच्या रंगाचं सरबत. पुदिन्याचं एक पान वर तरंगत होतं, तेही बहुधा पुरावा म्हणून.

मसाला पापड मऊ पडलेला. म्हणजे कांदा-टोमॅटो बराच आधी घालून ठेवलेला. चिकन टिक्का तंदूरमधून नाही, मायक्रोवेव्हमधून आलेला. चावताना दात आणि टिक्का, दोघंही परत आपापल्या जागी येत होते. आणि मंचुरियनचा तर अख्खा गठ्ठा उचलला गेला. आता मंचुरियन ही काही चीनची पुण्याई नाही, ती आपलीच. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटांचा खेळ. पण कॉर्नफ्लोअरचं असं आहे, की ते गरम असताना सॉस असतं आणि थांबलं की खळ होतं. आमच्या प्लेटमध्ये खळ होती.

मेन कोर्सला व्हेज कोल्हापुरी आणि पनीर कढई मागवलं. दोन्ही भाज्यांचा रंग एक, वास एक, चवही एक. फरक फक्त भांड्यांत. यामागचा फंडा सोपा आहे. बहुतेक अशा किचनमध्ये सकाळीच कांदा-टोमॅटोची लाल आणि काजू-मगजची पांढरी ग्रेव्ही मोठ्या पातेल्यांत करून ठेवतात. ऑर्डर आली की त्यात तिखट वाढवलं की कोल्हापुरी, सिमला मिरची टाकली की कढई, क्रीम ओतलं की मखनी. यात गैर काही नाही. शंभर जणांना वीस मिनिटांत जेवायला घालायचं तर दुसरा मार्गही नाही. पण शेवटची फोडणी तरी वेगळी हवी ना? पूर्वी तिथे ती असायची. कोल्हापुरीत सुकं खोबरं आणि लाल मिरची कळायची. आता फक्त मेनूत कळते.

पूर्वी बीअरबरोबर न मागता उकडलेले चणे यायचे, वर बारीक कांदा आणि लिंबू. आता ‘नट्स प्लॅटर’ आहे. म्हणजे तेच शेंगदाणे, पण बिलात.

एवढ्यावर हा कॉलम संपला असता. वाईट मंचुरियन कोणी पहिल्यांदा खाल्लंय? पण निघताना बँकेतली मैत्रीण जे बोलली, ते डोक्यातून जाईना. ती म्हणाली, ‘‘अरे, खायला कुठेही मिळेल. इथे मला कोणी वळून बघत नव्हतं.’’

तेव्हा लक्षात आलं. जुने कॅप्टन अण्णा गेले होते. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, कानामागे पेन. आमच्या ग्रुपमधल्या मुली आल्या की ते भिंतीकडचं टेबल द्यायचे, शेजारच्या टेबलावरून मान जास्त वेळा वळली की तिथे जाऊन उभे राहायचे आणि ‘‘साहेब, अजून काही?’’ असं अशा आवाजात विचारायचे की मान सरळ व्हायची. कोणाचा अपमान नाही, आरडाओरडा नाही. कधीकधी तर दोघी मैत्रिणी, आम्ही कोणी नसताना, ऑफिसातून परस्पर तिथे जाऊन बसायच्या. आपल्या शहरात अशी किती परमिट रूम्स आहेत, मोजून बघा. आता मुली दिसल्या की नवा माणूस थेट वरच्या मजल्यावरच्या फॅमिली सेक्शनचा जिना दाखवतो. तिथे रेट जास्त.

मग आम्ही मालकांना भेटलोच. आवाज न चढवता सांगितलं: बीअर, टिक्का, जिना, अण्णा. त्यांनी ऐकून घेतलं. स्वतःचंही सांगितलं. भाडं, लायसन्स फी, टॅक्स, गॅस सिलिंडर, टिकत नसलेली मुलं. सगळं खरं आहे. बार चालवणं हा सोपा धंदा नाही. पण शेवटी ते हसून म्हणाले, ‘‘सर, आता जरा क्राउड चेंज करायचाय.’’

क्राउड म्हणजे कोण? म्हणजे आम्हीच की! सात वर्षं दर शुक्रवारी येणारे, टिप ठेवणारे, मॅच हरली तरी भांडण न करणारे. त्यांना हवा तो क्राउड बाणेरला जातो, तिथे ब्रुअरीत ताजी बीअर पितो आणि फोटो काढतो. जांभळा लाइट बघून तो कोथरूडच्या गल्लीत येणार नाही. आणि तोवर गल्लीतला क्राउड गेलेला असेल. कोमट बीअरपेक्षा मला या हिशेबाची जास्त काळजी वाटते. नवं गिऱ्हाईक शोधताना जुनं गिऱ्हाईक फुकट मिळालंय असं समजायचं, हे बारवालेच करतात असं नाही. आपल्या मोबाइल कंपन्या बघा. आपल्या एचआरवाल्यांना विचारा.

तर मंडळी, थोडं प्रॅक्टिकल. पदार्थ गार आला तर पहिल्या घासाला परत पाठवा. अर्धी प्लेट संपवून तक्रार केली तर कोणी ऐकत नाही. स्मॉल म्हणजे ३० मिली, लार्ज म्हणजे ६०. शंका असेल तर पेग टेबलाशी मापून घ्या, त्यात लाजायचं काय? बिल वाचा. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. तेव्हा जीएसटी फक्त खाण्याच्या रकमेवर लावलाय ना, एवढं बघा. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते उचलून धरलं. ती रक्कम काढायला लावा आणि तेवढेच पैसे वेटरच्या हातात द्या. चालेल.

आणि मोबाइलवर एक स्टार ठोकून पळू नका. जिथे सात वर्षं बसलात, तिथल्या मालकाला समोर जाऊन सांगा. तेवढं त्याचं देणं लागतं.

अण्णांचा पत्ता लागलाय. कर्वेनगरच्या बाजूला एका छोट्या बारमध्ये ते कॅप्टन आहेत. एसी नाही, टीव्ही जुना, मेनूकार्डाला तेलाचे डाग. मैत्रिणीने फोन करून एकच प्रश्न विचारला, ‘‘अण्णा, चणे असतात का?’’

येत्या शुक्रवारी सात वाजता भिंतीकडचं टेबल सांगून ठेवलंय.